राखीव निधी (विकास सोसायटी)

विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, म्हणजे शेतकरी सभासदांना कर्ज देणारी गावची संस्था, गावच्या बोलीत विकास सोसायटी, वर्षाच्या निव्वळ नफ्यातून जी रक्कम वाटपाबाहेर ठेवते, तो तिचा राखीव निधी. सभासदत्व सोडणाऱ्याला भागाची रक्कम परत मिळते, या निधीतला हिस्सा मिळत नाही. संस्था अवसायनात जाऊन (कायद्याने गुंडाळली जाऊन) सगळी देणी फिटली, तरी उरलेली शिल्लक सभासदांत वाटता येत नाही. आजोबांच्या काळापासून साठलेला हा पैसा कुणा एकाचा नसतो; सोसायटीचे खरे बळ त्यातच आहे.

कल्पना मूळची जर्मनीतील फ्रीडरिख रायफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांची. आपल्याकडे १९०४च्या सहकारी संस्था कायद्याने ग्रामीण सोसायट्यांची जबाबदारी अमर्यादित ठेवली, म्हणजे संस्थेची देणी सभासदांच्या खासगी मालमत्तेतूनही वसूल होऊ शकत, आणि नफा या निधीत टाकायला लावला. एकाचे कर्ज बुडाले, तर शेजाऱ्याच्या जमिनीवर गदा येण्याआधी निधी आड यावा, हा हेतू. १९१२च्या कायद्यापासून ‘किमान पाव हिस्सा’ हे प्रमाण रुळले, महाराष्ट्राच्या १९६०च्या कायद्यातही तेच आहे. लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. समजा, निव्वळ नफा ४ लाख झाला, तर १ लाख आधी बाजूला निघतो. सभेतली लाभांशाची चर्चा उरलेल्या रकमेवर.

निधी वाढतो सावकाश. जिल्हा बँकेकडून कर्ज ज्या दराने येते आणि सभासदाला ज्या दराने जाते, त्यांतला फरक हीच मुख्य कमाई. खते-बियाण्यांच्या विक्रीतून थोडी भर पडते.

तो झिजतो मात्र झपाट्याने. सभासदांची वसुली थकते, बँकेच्या कर्जावरचे व्याज थांबत नाही. सभासदांकडून येणे कमी आणि बँकेला देणे जास्त झाले, की त्या फरकाला ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. अशा सोसायटीचा राखीव निधी ताळेबंदात असतो, पण त्याच्या मागे पैसा उरलेला नसतो. म्हणून अहवाल हाती आला, की ‘भांडवल व देणी’ बाजूचा आकडा पाहून थांबू नये. ‘जिंदगी व येणी’ (मालमत्तेच्या) बाजूला राखीव निधीची गुंतवणूक किती, कुठे आणि किती थकबाकीच्या शेजारी आहे, तेही गटसचिवाला (सोसायटीचे दफ्तर सांभाळणाऱ्या सचिवाला) विचारावे.

ही गुंतवणूक बहुधा जिल्हा बँकेतच असते. २०१२च्या सुमारास नागपूर, वर्धा आणि बुलढाणा जिल्हा बँका अडचणीत आल्या. तिथे ठेव असलेल्या सोसायट्यांचा निधी कागदावर शाबूत होता, हंगामाला हाताशी नव्हता.