सक्तीची नसबंदी (एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची)

स्त्रीला एचआयव्हीची लागण आहे म्हणून तिला पुन्हा मूल होऊ नये, असे इतरांनी ठरवून तिच्या खऱ्या संमतीविना केलेली संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया. हातपाय धरून केलेली बळजोरी यात क्वचितच दिसते. बहुतेक वेळा सिझेरियनसाठी पोट उघडलेले असते आणि त्याच वेळी बीजवाहिन्या बांधल्या वा कापल्या जातात. बाईला ते आधी सांगितलेले नसते, किंवा कळा चालू असताना तिच्यापुढे कागद धरलेला असतो. कधी ‘सही केली तरच सिझेरियन’ अशी अट असते. काहींना हा प्रकार कित्येक वर्षांनी, पुन्हा दिवस का राहत नाहीत हे विचारायला दवाखान्यात गेल्यावर कळतो. ‘नसबंदी’ हा शब्द काटेकोरपणे पाहता पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा, पण तो दोघांसाठी रूढ आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तर ‘तिचं ऑपरेशन झालंय’ एवढे म्हटले की कुठले, ते विचारावे लागत नाही.

या प्रथेमागचा युक्तिवाद असा : आईला एचआयव्ही म्हणजे मुलालाही होणार, आणि आई गेल्यावर ते पोरके होणार. औषधे नव्हती तेव्हा गर्भारपण, प्रसूती व स्तनपान यांतून १०० पैकी १५ ते ४५ मुलांना लागण होत असे. १९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत झिडोव्ह्यूडिन या एकाच औषधाने हे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. आजच्या एआरटी (विषाणूला रोखणारी औषधे रोज घेण्याच्या) उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली आणता येते. आईकडून बाळाला होणारी लागण जवळजवळ थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची पावती क्यूबाला २०१५ मध्ये मिळाली. असा तो पहिला देश. शिवाय सिझेरियनच्या टेबलावर जे मूल जन्माला येत असते, त्याला बीजवाहिन्या बांधल्याने कोणतेच संरक्षण मिळत नाही. जोडीदाराला होणारी लागणही या शस्त्रक्रियेने थांबत नाही. त्यासाठी निरोध किंवा नियमित औषधेच लागतात.

या विषयातील सर्वांत परिचित खटला आफ्रिकेतील नामिबियाचा. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठकांमध्ये तिथल्या तरुण स्त्रिया एकमेकींशी बोलू लागल्या, तेव्हा २००८ च्या सुमारास हे प्रकार उजेडात आले. राजधानी विंडहूकमधील लीगल असिस्टन्स सेंटर या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने तिघी न्यायालयात गेल्या. निकालपत्रात त्यांची केवळ आद्याक्षरे आहेत. सरकारचे म्हणणे सरळ होते : सह्या आहेत, म्हणजे संमती आहे. सह्या खरोखरच होत्या. पण त्या प्रसूतीच्या वेदनांत घेतलेल्या होत्या, आणि कागदावर शस्त्रक्रियेचे नाव ‘बीटीएल’ (बायलॅटरल ट्यूबल लायगेशन, म्हणजे दोन्ही बीजवाहिन्या बांधणे) अशा तीन इंग्रजी अक्षरांत होते. ती अक्षरे डॉक्टर-परिचारिकांच्या रोजच्या वापरातली. कळा सोसणाऱ्या बाईला त्यांचा उलगडा कुठून व्हावा?

३० जुलै २०१२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने तिघींची संमती वैध नव्हती असे ठरवले. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा आहे, ‘डॉक्टरांना जास्त कळते’ ही भूमिका इथे चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. नुकसानभरपाई किती, हे ठरवण्यासाठी प्रकरण परत उच्च न्यायालयाकडे गेले. मात्र हे एचआयव्हीमुळेच घडले, म्हणजे हा भेदभाव आहे, ही मागणी पुराव्याअभावी मान्य झाली नाही. निकालाचे कौतुक करताना ही बाब अनेकदा वगळली जाते, आणि ती क्षुल्लक नाही. संमतीतला दोष एकेका कागदावरून दाखवता येतो. त्यामागचे कारण सहसा कोणी कागदावर लिहून ठेवत नाही.

चिलीतील प्रकरणात तर सहीदेखील नव्हती. फ्रान्सिस्का या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या २० वर्षांच्या तरुणीला २००२ मध्ये गरोदरपणात लागण असल्याचे कळले. तिने उपचार घेतले आणि मुलगा एचआयव्हीमुक्त जन्मला. पण कुरिको येथील सरकारी रुग्णालयात त्याच सिझेरियनमध्ये तिची नसबंदी करण्यात आली. २००९ मध्ये तक्रार आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगापुढे गेली, २०२१ मध्ये समझोता झाला आणि मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी शासनाच्या वतीने जाहीर माफी मागितली. तोवर तो मुलगा १९ वर्षांचा झाला होता. दक्षिण आफ्रिकेत लिंगसमानता आयोगाने ४८ स्त्रियांच्या तक्रारींची चौकशी करून २०२० मध्ये अहवाल दिला. सही न केल्यास उपचार मिळणार नाहीत, असे आपल्याला सांगितल्याचे त्यांतील काहींनी नोंदवले आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०११ मध्येच नसबंदीची संमती प्रसूतीच्या वेळी मागू नये असे सांगितले. भविष्यातील गर्भधारणा टाळणे ही कधीच तातडीची शस्त्रक्रिया नसते, हे त्यामागचे साधे कारण. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या सात संस्थांनी सक्तीच्या नसबंदीविरुद्ध संयुक्त निवेदन काढले. त्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांबरोबर अपंग, आदिवासी, पारलिंगी व आंतरलिंगी (जन्मतः शरीर ठळकपणे स्त्रीचे वा पुरुषाचे नसलेल्या) व्यक्तींचाही विचार आहे.

नसबंदीची सक्ती भारताला अनोळखी नाही, मात्र इथे तिचे निमित्त लोकसंख्या हे होते. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरांनंतर स्त्रियांचे मृत्यू झाले, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. एचआयव्हीपुरते बोलायचे तर १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला ‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७’ हा आधार आहे. त्यानुसार लागण असलेल्या व्यक्तीवर माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणताही वैद्यकीय हस्तक्षेप करता येत नाही. तक्रारींसाठी राज्यांनी लोकपाल नेमायचे असून त्यांनी ३० दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो.