सुपरनोव्हाच्या गुरुत्वीय लहरींचा शोध

सूर्याच्या साधारण आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचा लोहमय गाभा आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्याच भाराने कोसळतो, तेव्हा होणाऱ्या स्फोटातून, म्हणजे सुपरनोव्हातून, निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात पसरणारी सूक्ष्म कंपने) पकडण्याचा हा प्रयत्न आहे. कृष्णविवरांच्या विलीनीकरणातील लहरी २०१५ पासून नोंदल्या जात असल्या, तरी सुपरनोव्हाची लहर अद्याप हाती लागलेली नाही.

स्फोट कितीही प्रचंड असला, तरी तो सर्व दिशांनी अगदी सारखा झाल्यास गुरुत्वीय लहरी मुळीच निर्माण होत नाहीत. कोसळता गाभा अणुकेंद्राची घनता ओलांडताच उसळी घेतो; त्यातून उठलेला आघात सुमारे १५० किमी अंतरावर अडखळतो आणि न्यूट्रिनोंच्या (द्रव्यातून सहज आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) उष्णतेने त्याला पुन्हा बळ मिळेपर्यंत नवजात न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीचे (दबून उरलेल्या अतिघन गाभ्याभोवतीचे) द्रव्य उकळत, हेलकावत राहते. लहरींचा उगम मुख्यतः या खळबळीत असतो. हा न्यूट्रॉन तारा आकसत जातो तशी लहरींची वारंवारता काहीशे हर्ट्‌झपासून हजाराच्या घरात चढते, असे संगणकीय प्रारूपांवरून दिसते. स्फोटातील सुमारे ९९ टक्के ऊर्जा मात्र न्यूट्रिनोच घेऊन जातात.

लहरी दुबळ्या असतात, पण त्याहून मोठी अडचण त्यांच्या बेभरवशी आकाराची आहे. विलीनीकरणातील लहरीचा आकार आधी गणिताने काढून नोंदींशी ताडता येतो. या पद्धतीच्या घडणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. सुपरनोव्हाची खळबळ दर वेळी निराळी असल्याने असा साचा मिळत नाही. त्यामुळे दूरदूरच्या शोधक यंत्रांत जवळजवळ एकाच क्षणी परस्परांशी जुळणारी जादा ऊर्जा दिसते का, एवढेच पाहावे लागते. नेमका क्षण न्यूट्रिनोंवरून कळतो, कारण प्रकाश बाहेर पडायला तासन्‌तास लागू शकतात.

१९८७ साली मोठ्या मॅगेलनी मेघात (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत), सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर झालेल्या स्फोटाचे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले. लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी अमेरिकेतील वेधशाळा तेव्हा उभीच राहिली नव्हती. मे २०२३ मध्ये एम१०१ दीर्घिकेत दिसलेला सुपरनोव्हा सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षे दूर होता. त्या काळातील लायगोच्या नोंदींत लहर सापडली नाही. उत्सर्जित ऊर्जेवर वरची मर्यादा तेवढी घालता आली. सध्याच्या शोधक यंत्रांचा पल्ला प्रामुख्याने आपल्या आकाशगंगेपुरता आहे आणि तिच्यात असे स्फोट शतकात एखाद-दुसरेच होतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे नियोजित लायगो-इंडिया सुरू झाल्यावर लहरीची दिशा अधिक नेमकी ठरविता येईल.