पोटाबाहेरचं पचन

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर चीनमधल्या ६४१ धडधाकट माणसांना दुधातली साखर प्यायला दिली आणि मग त्यांच्या श्वासातला हायड्रोजन मोजला. तर्क सोपा होता. ही साखर, म्हणजे लॅक्टोज, लहान आतड्यात पचली नाही तर तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, हायड्रोजन तयार होतो आणि तो रक्तातून फुफ्फुसात येऊन श्वासावाटे बाहेर पडतो. हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाच्या लोकांपैकी ९२.३ टक्क्यांना लॅक्टोज पचत नव्हतं. कझाकांमध्ये हे प्रमाण ७६.४ टक्के होतं आणि मंगोलांमध्ये ८७.९ टक्के.

हानांचं नवल नाही, त्यांच्या जेवणात पूर्वापार दूध फारसं नव्हतंच. कोडं आहे ते मंगोलांचं. त्यांचा सगळा संसार घोड्या, मेंढ्या, गायी आणि याक यांच्या दुधावर चालत आलेला. मंगोलियातल्या जुन्या दफनांमधल्या दातांच्या किटणात दुधाची प्रथिनं सापडली आहेत, त्यातली काही सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. इतक्या पिढ्या दुधावर काढूनही पोट हानांसारखंच राहिलं. मग ही माणसं जगली कशी?

लॅक्टोज तोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आटत जातं, आणि माणूसही त्याला अपवाद नाही. उत्तर युरोपात आणि आपल्याकडे वायव्य भारतात जनुकातल्या एका छोट्या बदलामुळे ते मोठेपणीही टिकतं. आपल्या एकाच पंगतीत बासुंदीची दुसरी वाटी मागणारा आणि पहिलीलाच घाबरणारा शेजारी शेजारी बसलेले असतात, ते उगाच नाही. १९६०च्या दशकात अमेरिकन डॉक्टरांना हे लक्षात यायला लागलं, तोवर दूध न पचणं हा दोष समजला जाई. आजही त्याला ‘लॅक्टेजची कमतरता’ म्हणतात. जगातल्या जवळपास दोनतृतीयांश प्रौढांची जी रीत आहे तिला कमतरता म्हणणं मला तरी विनोदी वाटतं.

मंगोल लोक घोडीचं दूध क्वचितच तसंच पितात. ते चामड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात आणि येता-जाता लाकडी दांड्याने घुसळत राहतात. जिवाणू आणि यीस्ट साखर खातात आणि उरतं ते आंबट, किंचित मद्य असलेलं ऐराग. गायी-याकच्या दुधाचं दही गाळून, दाबून तंबूच्या छपरावर वाळवतात, की दगडासारख्या वड्या होतात. साखरेचा मोठा वाटा निथळलेल्या पाण्याबरोबर जातो. जे काम आतड्याने करायचं, ते पिशवीत आणि छपरावर उरकलेलं असतं.

हानांना दूध ठाऊकच नव्हतं, असं मात्र नाही. सहाव्या शतकातल्या जिया सिश्ये यांच्या शेतीग्रंथात दही लावण्याची आणि लोणी काढण्याची कृती आहे. पण भातशेतीच्या आणि दाट वस्तीच्या मुलखात चरायला रानं कुठली! तिथे दुधाची जागा सोयाबीनने घेतली.

आणि सोयाबीन काही पोटाला गरीब नाही. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात. शिवाय रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरी असतात, त्या तर जगातल्या कुणाही माणसाला पचत नाहीत. म्हणजे इथे हान-मंगोल भेदच नाही, वारा सगळ्यांनाच धरतो. म्हणून दाणे भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि दूध उकळायचं. इथे एक फसगत असते. ८० अंशांच्या आसपासच सोयादूध फेसाळून वर येतं आणि नवख्याला वाटतं, झालं. चिनीत याला ‘खोटी उकळी’ म्हणतात. त्या क्षणी चूल बंद केली तर पिणाऱ्याला मळमळ, उलट्या ठरलेल्या. जाणता माणूस फेस मोडून आणखी काही मिनिटं खरी उकळी येऊ देतो.

पुढे टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करायचा तर हे सोयादूध विरजावं लागतं. उत्तरेत त्यासाठी मिठागरातलं कडवट पाणी वापरतात, दक्षिणेत जिप्सम, म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच खनिज. ते कॅल्शियमचं संयुग असल्याने दुधाविना कॅल्शियमची सोय होते. दाबून काढलेल्या पाण्याबरोबर त्या गॅस करणाऱ्या साखरीही बऱ्याचशा जातात. वालाला मोड आणून बिरडं करताना आपण वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो. कोंब फुटताना दाणा त्या साखरी स्वतःच वापरतो.

पोटाच्या आधी नाकाचा अडथळा असतो. पूर्व चीनमधल्या शाओशिंगमध्ये माठाचे जून, जाड देठ तुकडे करून मडक्यात आंबवतात. बाहेरची साल टणक राहते, आतला गर जेलीसारखा होतो, तो चोखायचा आणि चोथा टाकायचा. कोकणी माणसाला चोखण्याची क्रिया लगेच जमेल, वास जमणार नाही. त्याच मडक्यातल्या पाण्यात टोफू मुरवतात, तो ‘वासाडा टोफू’. त्यावर ताव मारणाऱ्यांना युरोपातलं बुरशीचं चीज मात्र किळसवाणं वाटतं. दोन्हीकडे सूक्ष्मजीवांनी प्रथिनं तोडलेली असतात. यातला कुठला वास सडका आणि कुठला मुरलेला, हे लहानपणी ताटात काय होतं त्यावर ठरतं.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये म्हशीच्या दुधाचा एक प्रकार करतात. वाटीत आल्याचा रस, वरून गरम दूध उंचावरून एका झटक्यात ओतायचं आणि हात लावायचा नाही. आल्यातलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि काही मिनिटांत ते खरवसासारखं थिजतं. वर चमचा ठेवला आणि तो बुडला नाही, तर जमलं. यात लॅक्टोज तसंच राहतं, तरी लोक आनंदाने खातात, कारण वाटी लहान असते. एका कपातलं सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना विशेष त्रासाशिवाय सोसतं.

२००६ साली पंतप्रधान वेन जियाबाओ म्हणाले, प्रत्येक चिनी माणसाला, आधी मुलांना, रोज एक जिन दूध मिळावं हे माझं स्वप्न आहे. जिन म्हणजे अर्धा किलो, लॅक्टोजच्या हिशेबात २५ ग्रॅमच्या आसपास. एका बैठकीत हे बहुतेकांना झेपणारं नाही. पण बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांमध्ये त्यावर तोड आधीपासून आहे. चिनी मातीच्या बुटक्या बरणीत पातळ, गोडसर दही, तोंडावर दोऱ्याने बांधलेला कागद. त्यात नळी खुपसायची, दुकानापाशी उभं राहूनच संपवायचं, आणि रिकामी बरणी परत करून अनामत घ्यायची.