रुग्ण ते शुभार्थी : दीर्घ आजारातील आधाराची पार्श्वभूमी

पुण्यातील स्वमदत गटाच्या सभेला पहिल्यांदाच गेलेल्या माणसाच्या कानांवर दोन अनोळखी शब्द पडतात. आजारी व्यक्तीला तेथे 'शुभार्थी' म्हणतात आणि तिची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर'. स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, पार्किन्सन्स म्हणजे कंपवात, अशा आजारांच्या गटांत हे शब्द रुळले आहेत. केसपेपरावर मात्र आजही 'पेशंट' आणि 'नातेवाईक' असेच लिहिले जाते. हा फरक केवळ सौजन्याचा नाही.

दीर्घ आजाराच्या माणसाला घरापासून दूर ठेवणे हाच एके काळी उपचार होता. क्षयासाठी पाचगणी किंवा मिरजेकडच्या आरोग्यधामात महिनोन्महिने राहावे लागे, आणि ज्यांना तो खर्च पेलत नसे त्यांच्यासाठी फारसे काहीच नसे. बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली अशाच गरीब क्षयरोग्यांचा 'वर्ग' सुरू केला. रोगी घरीच राहत, रोजची नोंदवही लिहीत आणि आठवड्यातून एकदा एकत्र जमत. प्रॅट यांचा हेतू शिस्त लावण्याचा होता, परंतु एकाच्या सुधारलेल्या वजनाने इतरांना उभारी येते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

आपल्याकडे निर्णायक वळण मद्रासच्या अभ्यासाने दिले. घरी राहून औषधे घेणाऱ्या क्षयरोग्यांना आरोग्यधामातील रोग्यांइतकाच गुण येतो, हे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी दाखवले. औषधाबरोबर शुश्रूषेचा भारही घरात आला आणि तो बहुतांशी बायकांच्या अंगावर पडला. त्याचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला गेला.

पुण्यात हा हिशेब प्रथम व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात दिसतो. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीकडेही लक्ष दिले. 'सहचरी' हा गट तिच्यासाठीच आहे. १९९७ साली कॅनडातील प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरातील अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. या आजाराबद्दल शेजारी तर सोडाच, सख्ख्या भावाशीही कोणी बोलत नसे, असा तो काळ. पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट त्याच वाटेवरचे. 'मित्रमंडळ' हे नावच पुरेसे बोलके आहे.

अशा गटांतून मिळणाऱ्या आधाराची व्याख्या संशोधकांनी आधीच केली होती. सिडनी कॉब यांनी १९७६ साली सामाजिक आधाराचे तीन घटक सांगितले : आपली कोणाला तरी काळजी आहे, आपल्याला मान आहे आणि परस्परांशी बांधिलकी असलेल्या समूहाचे आपण घटक आहोत, अशी खात्री. पुढे २०१० साली १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सामाजिक नाती भक्कम असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अर्थात हे बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यांवरून सरळ कार्यकारणभाव काढता येत नाही; शिवाय मधुमेह्याच्या ताटावर सतत पहारा ठेवणारे घर त्याला आधार वाटेलच असे नाही.

कॉब यांचा तिसरा घटक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात आजारी माणूस सहसा फक्त घेणारा होऊन बसतो. गटात मात्र नुकतेच निदान झालेला कोणी घाबरून आला, की हात थरथरत असलेला जुना शुभार्थीच त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसतो.