सतराशे वर्षांपूर्वीचे नाणे इतके स्वस्त कसे?

सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातले तांब्याचे छोटे रोमन नाणे आम्ही हातात देतो आणि किंमत सांगतो, तेव्हा बरेच ग्राहक ते पुन्हा खाली ठेवतात. इतकी जुनी वस्तू हजार-पंधराशे रुपयांत मिळते म्हणजे नक्की बनावट, असे त्यांना वाटते. शंका रास्त आहे. पण नाण्याची किंमत नुसत्या वयावर ठरत नाही. ते किती पाडले गेले, त्यातले किती उरले आणि कोणत्या अवस्थेत उरले, यावर ती ठरते. आणि रोमन टाकसाळींनी नाणी पाडली ती लाखा-कोटींनी.

यंत्र नव्हते. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर धातूची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. रोममध्ये सान क्लेमेंते चर्चच्या परिसरात टाकसाळीतल्या कामगारांचे इ. स. ११५ मधले शिलालेख सापडले. त्यांत चकती ठेवणारे वेगळे आणि घण मारणारे वेगळे नोंदलेले आहेत. म्हणजे कामाची वाटणी पक्की होती आणि त्यामुळेच हात झपाझप चालत असणार. मिनिटाला पाचच नाणी धरली, तरी एका ऐरणीवर आठ तासांत २,४०० होतात. दहा ऐरणी, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ७२ लाख.

एवढी नाणी लागायची कशाला? मुख्यतः सैन्याच्या पगाराला. सम्राट ऑगस्टसच्या अखेरच्या काळात २५ लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, होत्या. एका लीजनमध्ये साधारण ५,००० शिपाई आणि प्रत्येकाला वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे चांदीची रोमन नाणी, धरली, तर २ कोटी ८१ लाख देनारियस होतात. सगळी नवी पाडावी लागत नसत, करातून जुनी परत येत. तरीही आकडा छोटा नाही.

एका ठशातून किती नाणी निघत, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कुणी दहा हजार धरतो, कुणी तीस हजार. वरच्या ठशावर थेट घाव बसतो, म्हणून तो आधी झिजतो. इ. स. पू. ८२ मध्ये पुब्लियस क्रेपुसियस या टाकसाळ-अधिकाऱ्याने काढलेले देनारियस आम्हाला फार आवडतात. त्यांच्या मागच्या बाजूच्या ठशावर अनुक्रमांक कोरलेला असे आणि हे आकडे पाचशेच्या पुढे जातात. ठशाला दहाच हजार नाणी धरली, तरी एका अधिकाऱ्याच्या नावावर ५० लाख!

जिथे क्रमांक नाहीत, तिथे अभ्यासक ठसे ओळखून मोजतात. एका प्रकारची शंभर नाणी शेजारी ठेवायची. त्यांत तेच ते पाच ठसे पुन्हा पुन्हा दिसले, तर मूळ ठसे थोडेच होते. शंभर नाण्यांवर जवळजवळ शंभर वेगळे ठसे निघाले, तर न सापडलेले ठसे आणखी कितीतरी असणार. असे नाणे आज सहज मिळते आणि म्हणून स्वस्त असते.

ठशांची ही ओळख खरेदीतही उपयोगी पडते. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असला, तरी चकतीची कड आणि चित्र सरकण्याची दिशा एक नसते. दोन नाणी कडेसकट हुबेहूब जुळली, तर ती साच्यात ओतलेली असण्याचा दाट संभव आहे. कडेवर जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले, तरी सावध व्हा. उलट चित्राच्या आरपार गेलेली उंच, बारीक रेघ पाहून घाबरू नका. ठशाला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर अशी रेघ उमटते. ठसा तडकला तरी काम चालूच राहिले, याची ती खूण आहे.

दोन विनंत्या. परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून जुने नाणे घेत असाल, तर आधी आम्हाला सांगा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ते स्वतःहून देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. आणि घरी नेलेले नाणे चिंचेने, लिंबाने घासू नका. तांब्यावरची हिरवट-काळसर झिलई शतकानुशतके बसत आलेली असते आणि घासल्यावर ती पुन्हा येत नाही. मळलेले वाटले तर तसेच दुकानात घेऊन या. भिंगाखाली आधी एकत्र पाहू आणि मग ठरवू.