ब्रेक पॅडमधला काजू

वेंगुर्ला-मालवण भागातल्या एखाद्या छोट्या काजू कारखान्यात गेलात, तर टरफलं फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. बोटांची टोकं काळी, नखांच्या कडा भाजल्यासारख्या. काजूच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि त्या जाळीत तपकिरी, चिकट तेल भरलेलं असतं. ते लागलं की कातडी सोलवटते, म्हणून कामाला बसण्याआधी हाताला तेल नाहीतर राख फासतात. आंबा, काजू आणि बिबा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठ भाजतो, बिबा उतला तर अंगभर फोड येतात. काजूही त्याच घराण्याच्या वळणावर गेलेला.

हे तेल वाया जात नाही. ते तापवलं की त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं. कार्डॅनॉल म्हणजे पंधरा कार्बनची लांब शेपटी असलेलं फिनॉल. फॉर्माल्डिहाइडशी त्याची गाठ घातली की रबर आणि प्लास्टिक यांच्या अधलंमधलं काहीतरी घट्ट होतं. ते दळून जी भुकटी मिळते तिला धंद्यात 'फ्रिक्शन डस्ट' म्हणतात. ब्रेक पॅड म्हणजे ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पट्ट्या, आणि आपल्या रोजच्या गाड्यांच्या बऱ्याच पॅडमध्ये ही भुकटी घातलेली असते. म्हणजे सिग्नलला तुमची गाडी आवाज न करता थांबते त्यात थोडा वाटा कोकणातल्या, गोव्यातल्या किंवा केरळातल्या कुठल्यातरी काजूचा असू शकतो.

पॅड म्हणजे एक मसाला असतो. दहा-पंधरा जिन्नस, प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं आणि गुपित. सगळं बांधून ठेवायला फिनॉलिक रेझिन, म्हणजे बॅकेलाइटचं भावंड. ताकदीसाठी अॅरामिडचे किंवा पोलादाचे तंतू. भरीला बराइट हा जड खनिज. त्याचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आपल्या शेजारी आंध्रात मंगमपेटला आहे. घसरण नियंत्रणात ठेवायला ग्रॅफाइट, डिस्क घासून स्वच्छ ठेवायला अॅल्युमिनासारखी कठीण पूड. आणि या सगळ्यात काजूची भुकटी. तिच्या कणाला त्या लांब शेपटीमुळे थोडी लवचिकता असते, त्यामुळे पॅड डिस्कवर नीट टेकतं, कंप शोषून घेतं, किंचाळत नाही आणि सकाळी थंड असतानाही लगेच धरतं.

पण ज्या जिन्नसामुळे पॅड गुणी होतं तोच जिन्नस आधी हार खातो. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे ही भुकटी आणि तिला धरून ठेवणारं रेझिन, दोन्ही फुटायला लागतात. वायू सुटतात, पॅडचा वरचा पदर खचतो, घर्षण घसरतं. पेडल दगडासारखं कडक, पाय पूर्ण जोर लावून दाबलेला, आणि गाडी आपली पुढेच. मेकॅनिक म्हणतो, 'ब्रेक धरत नाहीत.' पुस्तकी नाव 'फेड'. आंबोली घाट उतरून दाणोलीला चहाला थांबलात आणि पुढच्या चाकाजवळ उग्र वास आला, तर तो वास याच विघटनाची पहिली पायरी.

घाट उतरताना उष्णता किती तयार होते याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. पायथ्यापर्यंत साधारण ५५० मीटर उतार धरू. एवढं उतरताना गाडीची जी ऊर्जा जिरवावी लागते ती ताशी १०० किलोमीटर वेगावरून गाडी १४ वेळा शून्यावर आणण्याइतकी असते. गाडी नॅनो असो की भरलेला ट्रक, हा १४चा आकडा बदलत नाही, कारण गणितात वजन दोन्ही बाजूंनी कटून जातं. यातली काही ऊर्जा हवा आणि टायर खातात, पण मोठा वाटा एक तर ब्रेकने जिरवायचा, नाहीतर इंजिनाने. 'ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर' हा एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणजे भौतिकशास्त्रच आहे. घाटासाठी महागडी पॅड घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी हेच विचारतो: गाडी कुठल्या गिअरमध्ये उतरवता?

रेसिंगच्या ट्रॅकवरचं गणित मात्र वेगळं. तिथे उष्णता किती, यापेक्षा ती किती घाईने येते हे महत्त्वाचं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घ्या. एक फेरी ३.७ किलोमीटरची, वळणं बारा. आपली १२०० किलोची हॅचबॅक सरळ पट्ट्यावर ताशी १६० ला आहे आणि पुढचं वळण ६० ने घ्यायचंय. चार सेकंदांत सुमारे १० लाख जूल ऊर्जा जिरवायची. म्हणजे २५० किलोवॅट! तिचं इंजिन ७५ किलोवॅटचं. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसून चाकांच्या आत असतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

ब्रेक मारताना भार पुढे जातो, म्हणून सुमारे ७० टक्के काम पुढची दोन चाकं करतात. प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला साडेतीन लाख जूल येतात. डिस्क बिडाची, समजा पाच किलोची. बिडाची उष्माधारकता धरली तर त्या चार सेकंदांत तिचं तापमान जवळजवळ १५० अंशांनी चढतं. ती थंड होण्याआधी पुढचं वळण आलेलं असतं. दोन-तीन फेऱ्यांत डिस्क ५००-६०० अंशांना जाते आणि संध्याकाळच्या उजेडात लालसर दिसायला लागते. याउलट लक्ष्मी रोडवर ६० वरून गाडी थांबवली तर त्याच डिस्कचं तापमान चढतं सुमारे २५ अंशांनी, आणि पुण्याच्या रहदारीत ६० चा वेग मिळणं हेही जरा कौतुकाचंच.

पॅडची निवड होते ती या दोन आकड्यांमधल्या दरीत. दुकानदार 'चांगलं' आणि 'फार चांगलं' अशी प्रतवारी सांगतो, पण पॅडला प्रत नसते, त्याला तापमानाचा टापू असतो. ट्रॅकच्या पॅडमध्ये काजूसारखे सेंद्रिय जिन्नस कमी आणि धातू जास्त. ते ६००-७०० अंशांना मजेत असतं, पण ५० अंशांना अर्धं झोपलेलं असतं. थंड असताना ते डिस्कवर आपला पातळ थर चढवत नाही, नुसतं खरवडतं. डिस्क झिजते, चाकं काळी होतात आणि प्रत्येक सिग्नलला बस थांबल्यासारखी किंकाळी. याचं टोक म्हणजे फॉर्म्युला वन आणि मोटोजीपीतले कार्बनचे ब्रेक. २०२३ साली मोटोजीपी ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर आलं होतं. त्या मोटारसायकलींच्या कार्बन डिस्क दोनेकशे अंशांना पोचल्याशिवाय नीट कामालाच लागत नाहीत.

माझ्या एका मित्राने हे स्वतःच्या पायाने शिकून घेतलं. पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक साधारण १२०० किलोमीटर. गाडी चालवतच जायची, म्हणून त्याने ट्रॅकची पॅड घरीच बसवून घेतली. डिसेंबरची पहाट, बोचरी थंडी, खेड शिवापूरचा टोलनाका. पुढे उसाचा ट्रॅक्टर. त्याने नेहमीच्या अंदाजाने पेडल दाबलं आणि गाडी नेहमीच्या अंदाजाने थांबली नाही. आणखी जोर लावल्यावर थांबली, पण ट्रॅक्टरच्या मागच्या उसाची पानं त्याच्या बॉनेटला लागली. पॅडमध्ये दोष काहीच नव्हता. त्याला त्याच्या टापूच्या बाहेर काम सांगितलं होतं, एवढंच.

आता एक गैरसमज, जो मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो: भारी पॅड म्हणजे कमी अंतरात थांबणं. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे ना? मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ६० वरून एकदा पूर्ण ताकदीने ब्रेक मारून बघा. पायाखाली खडखड जाणवली तर समजा, कंपनीच्या पॅडनेच टायरची पकड संपवली. त्यापुढे पॅड कितीही भारी घातलं तरी गाडी एका वेळच्या थांबण्यात लवकर थांबणार नाही, कारण शेवटी रस्त्याला धरून असतो तो टायर. भारी पॅड कामाला येतं ते दहाव्या, पंधराव्या ब्रेकला. ज्याच्या आयुष्यात तो पंधरावा ब्रेक येतच नाही त्याने ते पैसे चांगल्या टायरवर घालावेत.

'सिरॅमिक' या शब्दानेही बरेच लोक फसतात. सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आणि दुकानात मिळणारं सिरॅमिक पॅड यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. सिरॅमिक पॅड शांत असतं, त्याची भुकटी कमी आणि फिकट, शहरात छान. ट्रॅकसाठी ते बनवलेलंच नसतं.

पॅडच्या कडेवर छापलेल्या नंबराच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं दिसतात, एफएफ किंवा जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्याचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. जीई असं असेल तर तापल्यावर पॅड ढिलं पडतं, हे कळायला एवढं पुरे. पण यातली 'तापलेली' चाचणी सुमारे ३४० अंशांना संपते, तीही चौरस इंचाच्या तुकड्यावर. ट्रॅकची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, म्हणून ट्रॅकसाठी ही अक्षरं बघून पॅड निवडणं म्हणजे दहावीच्या मार्कांवर सून निवडण्यासारखं. त्यापेक्षा कंपनीकडे तापमान आणि घर्षणाचा आलेख मागा. रेषा कुठे चढते, कुठपर्यंत सपाट राहते आणि कुठे कोसळते, हे बघा. सपाट भाग जितका लांब तितका पायाला अंदाज चांगला येतो. नुसता 'कमाल ८०० अंश' असा आकडा छापलेला असेल तर त्यावर माझा फारसा विश्वास नाही. किमान किती, हे सहसा कोणी छापत नाही.

पॅड बदलून ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं द्रव, तेच ठेवणारेही मी पाहिलेत. धातू जास्त असलेलं पॅड उष्णता मागे, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरकडे जास्त पोचवतं, आणि तिथे ऑइल उकळतं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, पण त्याने पावणेचार टक्के पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ वर येते. आणि हे ऑइल हवेतलं पाणी शोषतंच. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत काय होत असेल याची कल्पना करा. उकळल्यावर वाफेचे बुडबुडे दाबले जातात, पेडल स्पंजासारखं खाली जातं. पॅड हरलं की पेडल कडक, ऑइल हरलं की पेडल मऊ. हा फरक पायाला ठाऊक असला की गॅरेजमध्ये अर्धा तास वाचतो.

नवी पॅड बसवल्यावर ती 'सेट' करावी लागतात, आणि इथे घाई करणारेच जास्त. मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत, आठ-दहा वेळा, दर वेळी जरा जोर वाढवत, पण गाडी पूर्ण न थांबवता. मधेच वास येईल, पकड थोडी सुटेल. नव्या रेझिनमधून उरलेले वायू निघत असतात. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी पळवून सगळं थंड होऊ द्यायचं. या खटाटोपातून डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा एक करडा, एकसारखा थर बसतो, आणि नंतरची पकड बरीचशी त्या थराची पॅडशी असते. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि पुढे दर फेऱ्याला पेडल थरथरतं. लोक म्हणतात 'डिस्क वाकडी झाली', आणि नवी डिस्क विकत घेतात. बहुतेक वेळा ती वाकडी नसते, डागाळलेली असते.

मग दोन्हीकडे चालणारं पॅड नसतंच का? असतं. १०० अंशांना बऱ्यापैकी आणि ५०० ला बऱ्यापैकी असं मधलं मिश्रण बऱ्याच कंपन्या विकतात. थोडा आवाज, थोडी जास्त भुकटी चालणार असेल आणि ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्यांनी थांबायची सवय असेल, तर ते घ्या. वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाऊन वीस-वीस मिनिटं सलग हाणणाऱ्याला मी दोन जोड्या सांगेन, पुढच्या चाकांपुरत्या. आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रमच असतात, तिथे हात लावायची गरज सहसा पडत नाही.

मित्र आता तेच करतो. ट्रॅकवर पोचल्यावर जॅक लावून अर्ध्या-पाऊण तासात पॅड बदलतो, संध्याकाळी डिस्क गार झाल्या की पुन्हा घरची चढवतो. डिस्कवर दुसऱ्या पॅडचा थर असतो, त्यामुळे परतीचे पहिले वीस-तीस किलोमीटर ब्रेक गुरगुरतात, मग गप्प होतात. गाडीवर नसलेली जोडी डिकीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते आणि वर स्केचपेनने लिहिलेलं असतं: 'घर, डावं', 'घर, उजवं', नाहीतर 'ट्रॅक, डावं', 'ट्रॅक, उजवं'.