पीककर्ज, टाळेबंदी आणि ३१ ऑगस्टची तारीख

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. गावात पीककर्ज देणाऱ्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या दृष्टीने याहून अडचणीचा आठवडा वर्षभरात शोधून सापडला नसता, कारण हेच दिवस 'नवे-जुने' करण्याचे. सोसायटीचा कारभार पाहणारा गटसचिव यादी घेऊन बसतो. सभासद अडत्याकडून, सावकाराकडून नाहीतर पाहुण्यांकडून आठ-पंधरा दिवसांपुरते हातउसने आणतो, ३१ मार्चच्या आत जुने कर्ज भरतो आणि एप्रिलमध्ये नवे उचलले की त्यातूनच उसनवारी फेडतो. कागदावर वसुली छान दिसते. त्यात पिकातून आलेला पैसा किती, हे सहसा कोणी विचारत नाही. टाळेबंदीत अडत बंद, बँकेत गर्दीला मनाई आणि उसने देणाऱ्यानेही हात आखडता घेतलेला. हे चक्र तिथेच अडकले.

शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या सुप्याच्या दंग्यापासून किंवा १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून सांगायची पद्धत आहे. २०२० समजायला तितके मागे जाण्याची गरज नाही. महासाथीच्या आदल्याच वर्षी, म्हणजे जुलै २०१८ ते जून २०१९ या काळासाठी, झालेल्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचा वाटा ४,०६३ आणि पिकांचा ३,७९८ रुपये. निम्म्याहून अधिक कुटुंबे कर्जात होती. म्हणजे कर्ज पिकाच्या नावावर असले तरी ते फिटायचे बहुतेक वेळा मजुरीतून आणि शहरात गेलेल्या मुलाने पाठवलेल्या पैशातून. टाळेबंदीत मुलगाच घरी परतला.

पिकाची बाजूही बरी नव्हती. अफवांमुळे कोंबडीचे भाव फेब्रुवारीपासूनच कोसळले होते. सांगलीकडे ऐन हंगामातली द्राक्षे बेदाण्याला टाकावी लागली. कापूस खरेदी केंद्रे मध्येच थांबली आणि पावसाळा तोंडावर आला तरी विदर्भात अनेकांच्या घरात कापूस पडून होता.

या सगळ्यावर उतारा म्हणून आली ती मुदतवाढ. हप्ते लांबवण्याची रिझर्व्ह बँकेची सवलत २७ मार्चला जाहीर झाली, आधी तीन महिन्यांची. मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पीककर्जही तीत बसवले होते. ३ लाखांपर्यंतच्या कर्जावरची व्याजसवलत आणि वेळेवर फेडीचे प्रोत्साहन (दोन्ही मिळून दर ४ टक्क्यांवर येतो) याच तारखेपर्यंत लांबवले गेले. कागदावर उणे काढायला जागा नाही.

अडचण तारखेतच होती. ही सवलत बेतली होती ती महिन्याला हप्ता भरणाऱ्यासाठी. गृहकर्जवाल्याचा पगार सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू होऊ शकतो. ऑगस्टअखेर शेतकऱ्याचे सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत असते, कापसाची वेचणी दसऱ्याच्या आगेमागे आणि तूर तर संक्रांतीच्या सुमाराला. बियाणे, खते, फवारणी, खुरपणी यांवर हातातला सगळा पैसा जाऊन बसलेला असतो. हाती पैसा नसण्याच्या ऐन महिन्यात सवलत संपवायची हे ज्याने ठरवले, त्याने पीक दिनदर्शिका पाहिली नसावी. शिवाय मुदतवाढीने खाते बुडीत होण्यापासून वाचले, पण जुने भरल्याशिवाय नवे मिळत नाही हा नियम गावोगाव कायम राहिला. ज्याने सवलत घेतली त्याला पेरणीला पैसा मिळाला नाही. ज्याला पेरणीला पैसा हवा होता त्याला सवलत घेऊन चालत नव्हते. मुदतवाढ म्हणजे माफी, असा समज करून घेतलेलेही कमी नव्हते.

राज्यात त्यातच अर्धवट कर्जमुक्तीची भर होती. डिसेंबर २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतचे थकीत कर्ज माफ व्हायचे होते. याद्या फेब्रुवारीत लागू लागल्या, पण आधार प्रमाणीकरणासाठी अंगठा लावायला केंद्रावर जावे लागे आणि मार्चमध्ये तेच थांबले. सुमारे ११ लाख पात्र खाती अधांतरी राहिली. सरकारच्या लेखी हे खातेदार कर्जमुक्त, बँकेच्या लेखी थकबाकीदार. मे महिन्यात शासन निर्णय निघाला: ही रक्कम 'शासनाकडून येणे' दाखवा आणि खरिपाचे नवे कर्ज द्या. शासनाचे येणे खात्यावर दाखवून बँकेच्या गल्ल्यात रोकड येत नाही. आधीच खिळखिळ्या झालेल्या जिल्हा बँका नवे कर्ज देणार तरी कशातून?

ऑक्टोबरमध्ये केंद्राने २ कोटींपर्यंतच्या कर्जदारांना मुदतवाढीच्या काळातला चक्रवाढ व सरळ व्याजातला फरक परत द्यायचे ठरवले. घर, गाडी, क्रेडिट कार्ड सगळे बसले, पीककर्ज आणि ट्रॅक्टरकर्ज वगळले. चालू पीककर्जावर मुळात चक्रवाढ लागत नाही, हा बचाव तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण आदेश निघण्याआधी आठ-दहाच दिवस सोलापूर-उस्मानाबाद पट्ट्यात अतिवृष्टीने काढणीचे सोयाबीन गेले होते. तिथे हा बचाव ऐकून घ्यायला कोण बसले होते?

नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च २०२० च्या राज्य अर्थसंकल्पातली. तिजोरी आटल्याने ती मागे पडली आणि पैसे खात्यात जमा व्हायला २०२२ उजाडले. तोवर 'भरून काय मिळालं?' हा प्रश्न वसुलीला येणाऱ्या प्रत्येक गटसचिवाने ऐकला होता.